दोन आवृत्त्यांचा मेळ

२०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. तरी जुन्या दाखल्यांवर छिंदवाडाच राहिले. संगणकातही असे घडते. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. या मुक्त प्रणालीत नवा गाभा बसविला, तरी यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत जुनाच चालतो. त्याचे सहायक घटक काढले गेले असल्यास पेन ड्राइव्हही ओळखला जात नाही. अशा वेळी शाळेतील संगणक पुसून टाकण्याची घाई नको; विद्यार्थ्यांचे काम त्यातच असते. ‘यूनेम -आर’ या आज्ञेने चालू आवृत्ती पाहावी, बसविलेलीशी ताडावी, यंत्र पुन्हा सुरू करावे. तरीही जुनीच दिसल्यास आरंभीच्या यादीतून नवी निवडावी. बहुधा एवढ्याने मेळ बसतो.