निवडीचे स्वातंत्र्य आणि देखभालीचे श्रम



मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि बदलून इतरांस वाटता येते. खाजगी मालकीच्या सॉफ्टवेअरच्या तुलनेत ही मोठीच मुक्ती होय. असे सॉफ्टवेअर लहान लहान मॉड्यूलमधून उभारले जाते. कोणते मॉड्यूल घ्यावे, त्याची कोणती आवृत्ती घ्यावी, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. परंतु एक मॉड्यूल दुसऱ्यावर, दुसरे तिसऱ्यावर विसंबलेले असते. त्यामुळे एकाच्या स्वातंत्र्याचा धक्का, ज्यांना त्याचे नावही ठाऊक नाही अशा असंख्यांना बसतो.

मार्च २०१६ मध्ये नेमके हेच घडले. जावास्क्रिप्टची मॉड्यूले ज्या एनपीएम भांडारात असतात, ते एका खाजगी कंपनीच्या ताब्यात होते. एका मॉड्यूलच्या नावावरून तंटा झाला, चालकांनी ते नाव दुसऱ्या एका कंपनीस दिले, तेव्हा संतापलेल्या प्रोग्रामरने आपली सारीच मॉड्यूले काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचे मॉड्यूल होते. मजकुराच्या डावीकडे जागा भरणे, एवढेच त्याचे काम. तेवढ्याने जगभरच्या प्रकल्पांची बांधणी अडली! परवाना मुक्त असल्याने दुसऱ्या एकाने ते मॉड्यूल लगेच नव्या क्रमांकाने ठेवले. पण अनेकांनी जुन्या क्रमांकाशीच गाठ बांधली होती. अखेर सुमारे दोन तासांनी चालकांनीच मूळ आवृत्ती परत आणली. पुढे, इतरांचा आधार झालेले मॉड्यूल सहजी काढता येऊ नये, असा नियम झाला. नियम योग्यच होता; मात्र तो भांडाराच्या मालकाने केला, वापरणाऱ्यांच्या सभेने नव्हे.

१९९३ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या डेबियनची वाट निराळी आहे. तेथे प्रकल्पप्रमुख सभासदांच्या मतदानाने दरवर्षी निवडला जातो. सुमारे दोन वर्षांनी एक ‘स्थिर’ आवृत्ती निघते. नंतर तीत केवळ सुरक्षेच्या व गंभीर दोषांच्या दुरुस्त्या होतात. ज्यास नवे हवे, त्यास वेगळी शाखा खुली असते. नव्या दुरुस्त्या जुन्या आवृत्तीत बसवीत राहणे हे कंटाळवाणे, कीर्ती न देणारे काम आहे. स्थैर्य म्हणून ज्याचे कौतुक होते, ते वस्तुतः हेच श्रम होत. डेबियनच्या जुनेपणाची थट्टा करणाऱ्यांच्या हे ध्यानी येत नाही.

मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या माहिती दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या नव्या आवृत्त्यांत चोरवाट आढळली. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत त्या पोचल्याच नव्हत्या. हे साधन वर्षानुवर्षे मुख्यतः एकच गृहस्थ बिनपगारी सांभाळीत होता. मदतनीस म्हणून आलेल्या एका अज्ञाताने दोनएक वर्षे खपून विश्वास संपादिला आणि दगा दिला. दूरच्या यंत्रात प्रवेश करण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे एका अभियंत्याच्या लक्षात आले म्हणून तो उघडकीस आला.

बड्या कंपन्या ज्यावर नफा कमावतात, त्या साधनांची राखण अशी फुकटच्या श्रमावर उभी आहे. जर्मन सरकारने २०२२ मध्ये पायाभूत मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी सार्वजनिक निधी उभारला. रस्ता आणि पाणीपुरवठा यांच्याप्रमाणेच हाही सरकारी खर्चाचा विषय आहे, हे निदान एका देशात मान्य झाले.