कुलपाची किल्ली कुणाकडे?

रुग्णालय प्रशासनाच्या नव्या पदवीधरांनो,

त्या गाऊनमध्ये काय उकडतंय ते मला इथून दिसतंय, तेव्हा फार लांबण लावत नाही.

वर्षभरात तुमच्यापैकी बहुतेकांच्या टेबलावर 'रिस्क रजिस्टर' येईल. आगीची ओळ वेगळी, जंतुसंसर्गाची वेगळी, चोरीची वेगळी. पुढे लाल, पिवळा, हिरवा रंग. भरा, ते लागतंच. पण धोके काही ओळी पाळून येत नाहीत. एका विभागाने केलेला बंदोबस्त पुष्कळदा दुसऱ्याच्या मुळावर येतो, आणि रजिस्टरात दोन्ही ओळी हिरव्याच दिसतात.

२०२१ साल आठवा. ९ जानेवारीला, ऐन रात्री, भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्यानंतर मार्चमध्ये भांडुप, एप्रिलमध्ये विरार, नोव्हेंबरमध्ये अहमदनगर. विरार आणि नगरला आग थेट अतिदक्षता विभागातच लागली. एकट्या नगरला त्या दिवशी ११ रुग्ण दगावले.

आयसीयूतच का, याचा विचार करा. जंतुसंसर्ग नको म्हणून खिडक्या बंद. खिडक्या बंद म्हणून एसी दिवसरात्र चालू. कोविडमध्ये खाटा वाढल्या, व्हेंटिलेटर आले, त्या सगळ्यांचा भार बऱ्याच ठिकाणी जुन्याच वायरिंगवर पडला. मास्कच्या कडेने निसटणारा ऑक्सिजन खोलीतच साठत राहिला, आणि अशा हवेत साधी ठिणगीही झपाट्याने भडकते. धूर कोंडतो आणि व्हेंटिलेटरवरचा माणूस उठून पळू शकत नाही. यातला एकेक निर्णय सुटा घेतलात तर कुणाला नाव ठेवता येणार नाही. संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टरचं बरोबर, खाटा वाढवणाऱ्याचंही बरोबर. पण या सगळ्यांना एका टेबलाशी बसवणारं कुणी नसतं. ते काम तुमचं आहे.

नाशिकचंही तेच. सिलिंडरच्या धावपळीतून सुटका व्हावी म्हणून द्रवरूप ऑक्सिजनची टाकी बसवायची, हे शहाणपणाचंच. पण मग सगळ्या खाटांचा श्वास एका टाकीवर आला. २१ एप्रिल २०२१ रोजी डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब घसरला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. दिल्लीच्या एम्समध्ये २०२२च्या नोव्हेंबरात सायबर हल्ल्याने सर्व्हर बंद पडले, तेव्हा केसपेपर पुन्हा हाताने लिहायची वेळ आली. संगणक आणताना कागदी फॉर्मचे गठ्ठे रद्दीत घालायची घाई करू नका, एवढंच म्हणतो.

आता एक कुलूप दाखवतो. तुम्हाला ते जवळपास कुठल्याही रुग्णालयात सापडेल. मागच्या जिन्याचा संकटकालीन दरवाजा, वर हिरवी पाटी, खाली कडीला कुलूप. दारासमोर मोडकी व्हीलचेअर, दोन सलाइनचे स्टँड, गाद्यांची चळत. विचारा, कुलूप का? नातेवाईक मागून घुसतात, नळ चोरीला जातात. किल्ली? तळमजल्यावर सिक्युरिटीकडे. रात्री सिक्युरिटी कुठे असते? हा प्रश्न दुपारी मीटिंगमध्ये विचारू नका. रात्री दोनला वॉर्डात जाऊन मामांना किंवा मावशींना विचारा. कुठल्या बोर्डाला हात लावला की चटका बसतो आणि कुठल्या वॉर्मरचा प्लग काडी खुपसून बसवलाय, हे त्यांना पाठ असतं.

मग ते सांगत का नाहीत? कारण साधं आहे. चुकीचं इंजेक्शन देता देता हात थांबला, असं एखादी सिस्टर प्रामाणिकपणे लिहून देते, आणि दुसऱ्या दिवशी तिलाच मेमो मिळतो. तो मेमो अख्खं नर्सिंग होस्टेल वाचतं. त्यानंतर तुमच्या इन्सिडन्ट रिपोर्टच्या फाइलीत महिनोन्‌महिने 'निरंक' येतं, आणि व्यवस्थापन त्यावर खूश असतं! मला विचाराल तर निरंक फाइल ही रुग्णालयातली सगळ्यात घातक वस्तू आहे. महिन्याला चाळीस तक्रारी लिहून येणाऱ्या रुग्णालयात मी माझ्या आईला बिनधास्त दाखल करीन.

रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचचे परीक्षक यायचे असतील त्या दिवशी ते कुलूप निघालेलं असेल, जिना धुतलेला असेल, गाद्या कुठेतरी गच्चीवर गेलेल्या असतील. तुम्ही त्याच्या पुढच्या सोमवारी जा. आणि कुलूप पुन्हा दिसलं तर ते फोडायच्या आधी सिक्युरिटी, मेट्रन आणि इलेक्ट्रिशियन या तिघांना त्याच जिन्यात उभं करून बोला, कारण चोरीचा प्रश्नही खराच आहे. आग लागली की आपोआप सुटणारी चुंबकी कुलपं बाजारात मिळतात. अकाउंट्सवाले किंमत विचारतील. त्यांनाही जिन्यात बोलवा.