कान्हेरीची वाट आणि तांब्याभर पाणी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पुढच्या महिन्यात आपली सहल कान्हेरीला जाणार आहे. तरुण मंडळी आत्तापासूनच म्हणताहेत, येऊरच्या रानातून चालत जाऊ. म्हणून आमची एक फजिती सांगतो.

१९९३ सालची गोष्ट. येऊरचा डोंगर ओलांडला की पलीकडे कान्हेरी, असा आमचा हिशेब. टेंभी नाक्यावरून पहाटे एकटेच निघालो. घरी सांगितलं नाही, वनखात्याची परवानगी काढली नाही. बरोबर चार चपात्या, एक बाटली पाणी आणि अंगात भरपूर गुर्मी. 'स्वयंदीप व्हा' या तथागतांच्या शिकवणीचा अर्थ आम्ही 'कुणाची गरज नाही' असा सोयीने लावला होता.

मळलेली वाट सोडली आणि तासाभरात कारवीत दिशा हरवली. पाचोळ्यावरून घसरून ओहळात पडलो. गुडघा फुटला, चपलेचा अंगठा तुटला, पाणी सांडलं. चपात्या माकडांनी पळवल्या. एवढ्यात भेकर भुंकलं आणि समोर धुळीत बिबट्याचा ठसा दिसला! कुणाला न भिणारे आम्ही, मटकन खालीच बसलो.

दुपारी लाकूडफाटा गोळा करणारी एक वारली आजी भेटली. "पोरा, इकडं कुठं? ही वाट नाय," म्हणाली. पाड्यावर नेऊन तांब्याभर पाणी दिलं आणि रस्त्यापर्यंत सोडलं. जात विचारली नाही. ज्या समाजाला पाण्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांबरोबर महाडला जावं लागलं, त्या समाजाच्या लेकराला त्या तांब्याची किंमत वेगळी सांगायला नको.

कान्हेरी त्या दिवशी दिसलीच नाही. पुढे बोरिवलीच्या बाजूने रीतसर गेलो. शंभरावर लेणी पाहिली, चैत्यगृहातल्या उंच बुद्धमूर्तींपुढे नतमस्तक झालो. पण पाय खिळले ते कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांपाशी. पावसाचं पाणी पन्हळीतून त्यांत उतरतं. तिथल्या शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटलं आहे, आणि लेण्यांच्या दात्यांमध्ये आपल्या कल्याणचे रहिवासीही आहेत! म्हणजे एकांतात ध्यान करणारा भिक्खूसुद्धा एकटा नव्हता. त्याची तहान दुसऱ्याच्या दानावर भागत होती.

दात्यांची नावं दगडावर राहिली. आमच्या आजीचं नाव मात्र आम्ही विचारलंच नाही. ही रुखरुख आजही आहे.

तेव्हा तरुणांनो, परवानगीशिवाय राष्ट्रीय उद्यानाचं रान तुडवणं हा कायद्याने गुन्हा आहे, आणि मूर्खपणाही. सहलीला सगळे मिळून, रस्त्याने जाऊ. प्रत्येकाने पाण्याची एक बाटली जास्त घ्यावी. ती आपल्यासाठी नाही, वाटेत भेटेल त्याच्यासाठी.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम!