जुन्या डीव्हीडीतील बोल नव्या डिस्कवर
(माजलगाव येथे सभासद व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



आज आम्ही एका व्यवहारी विषयावर चार शब्द बोलणार आहोत. जयंती, लग्न, पुण्यानुमोदन अशा प्रसंगांचे चित्रीकरण आपल्याकडे घरोघरी झाले. आधी त्या व्हीएचएस कॅसेट होत्या, पुढे अनेकांनी त्यांच्या डीव्हीडी करून घेतल्या. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मधली वर्षे ज्यांनी सोसली, त्यांतील अनेकजण आज हयात नाहीत. त्यांचे बोलणे कुणाच्या घरी एखाद्या डिस्कवर असेल, तर ती जमिनीच्या कागदाइतकीच जपली पाहिजे.

घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या डिस्कमध्ये माहिती रंगद्रव्याच्या थरावर उमटलेली असते. ऊन, उष्णता आणि ओल यांनी तो थर खराब होतो. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात ती किती दिवस टिकणार? म्हणून चालते आहे तोवरच तिची नवी प्रत करावी.

डिस्क संगणकात उघडली की 'व्हिडिओ टीएस' नावाचे फोल्डर दिसते. ते संपूर्ण संगणकावर उतरवून घ्यावे. त्यात तीन प्रकारच्या फाईली असतात. व्हीओबी फाईलीत चित्र व आवाज असतो, आयएफओ फाईलीत कोणता भाग कोठे सुरू होतो याचा नकाशा असतो, आणि बीयूपी ही त्या नकाशाची राखीव प्रत असते. एक व्हीओबी फाईल १ जीबीपेक्षा मोठी नसते. म्हणून एकच कार्यक्रम ०१_१, ०१_२, ०१_३ अशा तुकड्यांत विभागलेला असतो. ०१_० हा क्रमांक मेनूचा. तो घेऊ नये.

आता डिस्क तयार करण्याचे सॉफ्टवेअर उघडावे. डीव्हीडीस्टायलर हे विनामूल्य मिळते. एका कार्यक्रमाचे तुकडे एकाच टायटलखाली क्रमाने घ्यावेत. क्रम चुकला तर भाषणाचा शेवट आधी येईल. मूळ फाईल एमपेग-२ पद्धतीचीच असल्याने तिचे पुन्हा रूपांतर करण्याचे कारण नाही. चित्र व आवाज दोन्हींसाठी 'कॉपी' हा पर्याय निवडावा. पुन्हा रूपांतर केले की वेळ जातो आणि आधीच फिके असलेले चित्र अधिक फिके होते.

जुना मेनू आणि प्रकरणांच्या खुणा मात्र या मार्गाने येत नाहीत. त्या नव्याने कराव्यात, आणि तेथे गाव, वर्ष, वक्त्याचे नाव लिहावे. ही माहिती आज वडीलधाऱ्यांना विचारली नाही, तर उद्या सांगणारे कोणी राहणार नाही.

साध्या डिस्कची क्षमता ४.७ जीबी लिहिलेली असली, तरी संगणक ती सुमारे ४.३८ दाखवतो. प्रत्येकी १.८ जीबीचे दोन कार्यक्रम तीत बसतील, तिसरा बसणार नाही. दाबून बसवण्यापेक्षा दुसरी डिस्क घ्यावी. आपल्याकडील पाल आणि अमेरिकेतील एनटीएससी पद्धतीचे चित्रण एका डिस्कवर मिसळू नये. बाजारात विकत मिळणाऱ्या चित्रपटांना कुलूप असते. ते तोडण्याच्या भानगडीत पडू नये. आपले काम आपल्या घरच्या डिस्कपुरते आहे.

शेवटी आधी आयएसओ फाईल करून ती व्हीएलसीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावी, मगच डिस्क लिहावी. नव्या संगणकांत बहुधा डिस्कचा ड्राइव्ह नसतो, म्हणून उतरवलेले फोल्डर हार्ड डिस्कवरही ठेवावे, आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. मूळ डिस्क फेकू नये.

विद्यार्थी मित्रहो, संगणक तुमच्या हाताखालचा आहे. या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या गल्लीतील एका घरची एक डिस्क उतरवून द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.