तेल कंपनीचा ‘दिवा’

श्रोतेहो, रॉकेलची चिमणी आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. तिन्हीसांजेला काच राखेने पुसायची, वात कातरायची. ह्याच रॉकेलच्या व्यापारावर अमेरिकेत जॉन रॉकफेलर यांची स्टँडर्ड ऑइल कंपनी गब्बर झाली. पण १९०२ पासून आयडा टार्बेल या लेखिकेने एका मासिकातून तिची लक्तरे वेशीवर टांगली. रेल्वेकडून गुपचूप मिळवलेल्या सवलती, चिरडलेले लहान व्यापारी, सारे कागदपत्रांनिशी! १९११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कंपनीचे तुकडे झाले. त्यांतल्या न्यू जर्सीच्या मोठ्या तुकड्याने १९१८ साली स्वतःचेच नियतकालिक काढले. नाव ठेवले ‘द लॅम्प’, म्हणजे दिवा. काट्याने काटा काढावा, तसेच म्हणा ना!

पुढे १९४२ साली पुन्हा बदनामी झाली. जर्मनीच्या आय. जी. फार्बेनशी केलेल्या करारांमुळे कृत्रिम रबराच्या कामात देश मागे पडला, असा आरोप आला. आता कंपनीने काय करावे? ‘आम्ही चांगले’ असे ओरडत बसली नाही. १९४३ साली तिने रॉय स्ट्रायकर यांना नेमले. दुष्काळ आणि मंदीने गांजलेल्या शेतकऱ्यांची छायाचित्रे सरकारसाठी काढून घेणारे हेच ते गृहस्थ. त्यांच्या माणसांनी तेलविहिरी तर टिपल्याच, पण टेक्सासातले टॉमबॉल हे गाव, तिथली दुकाने, गप्पा मारणारी माणसेही टिपली. गॉर्डन पार्क्स यांनी पिट्सबर्गच्या ग्रीस कारखान्यातले घामाने निथळणारे कामगार टिपले. हजारो छायाचित्रे जमली. निवडक ‘द लॅम्प’मध्ये झळकली.

आता गंमत पाहा. त्यांतले चित्र खोटे नव्हे. कामगार खरा, घामही खरा. म्हणूनच तर मन जिंकते! माझ्या मते खरी मेख निवडीत आहे. कोणते चित्र छापायचे, हे ठरवणारा हात कंपनीचा.

गुरुजी, एखाद्या कंपनीचा असा गुळगुळीत कागदाचा फुकट अंक शाळेत आला, तर रद्दीत टाकू नका हं. तक्त्यासाठी चित्रे खुशाल कापा. फक्त आधी मुलांना विचारा, ‘यात कोण बोलतो आहे, आणि कोणाला बोलू दिलेले नाही?’ पोरे चटकन सांगतात.

याच कंपनीच्या पैशाने रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी १९४८ साली ‘लुईझियाना स्टोरी’ हा चित्रपट काढला. पाणथळ रानात होडीतून हिंडणारा एक मुलगा. तेल काढणारी माणसे येतात, काम आटोपून निघून जातात. रान होते तसेच राहते. पडद्यावर कंपनीचे नाव कुठेही दिसत नाही.