घरोघरची छायाचित्रे आणि त्यांची नोंद
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



घरातील छायाचित्रे संगणकावर कशी लावून ठेवावीत, हा आमचा विषय. तो दिसावयास किरकोळ आहे. परंतु छायाचित्रातील माणसे कोण हे पुढच्या पिढीस कसे कळणार, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटी आहे.

पूर्वी घरात छायाचित्रे निघत ती लग्नामुंजीच्या निमित्ताने. ती मोजकी असत आणि पुष्कळदा कोणीतरी त्यांच्या पाठीवर नावे व साल लिहून ठेवी. आता एकेका लग्नात हजारभर चित्रे निघतात व संगणकात जाऊन पडतात. चित्रे वाढली, पण त्यांच्या पाठीवर लिहिण्याचा परिपाठ मोडला.

वास्तविक संगणकावरील चित्रासही पाठ असते. ती डोळ्यांस दिसत नाही इतकेच. कॅमेरा चित्र घेतो तेव्हा दिनांक, वेळ इत्यादी तपशील त्या फाइलीतच नोंदवितो. या पद्धतीस ‘एक्झिफ’ म्हणतात; ती १९९५ साली जपानात ठरली. मथळा, स्थळ, खुणेचे शब्द यांसाठी निराळे रकाने आहेत. ते वृत्तव्यवसायाच्या सोयीसाठी ‘आयपीटीसी’ या १९६५ साली स्थापन झालेल्या संस्थेने ठरविले. वर्तमानपत्रांसाठी झालेली ही व्यवस्था आपल्या घरासही तितकीच उपयोगी आहे.

चित्रे पाहण्याची सॉफ्टवेअर ढोबळमानाने दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार मुख्यतः दाखविणारा. बोस्नियात जन्मलेल्या इरफान श्किल्यान यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेले ‘इरफानव्ह्यू’ हे त्याचे उत्तम उदाहरण. ते आकाराने लहान, कामास चपळ व घरगुती वापरास विनामूल्य आहे. दुसरा प्रकार दाखविण्याबरोबर नोंदवहीही ठेवणारा. नाशिकास वा त्र्यंबकेश्वरास गेल्यावर क्षेत्रोपाध्याय आपणांस गाव व आडनाव विचारतात आणि नेमकी वही काढून पूर्वजांची नावे वाचून दाखवितात, हा अनुभव आपणांपैकी पुष्कळांस असेल. हे सॉफ्टवेअर तसेच काम करते. व्यक्ती, साल वा स्थळ सांगावे आणि हजारो चित्रांतून हवी तेवढी समोर यावीत. एकसारखे चेहरेही ते एकत्र करून ठेवते. नाव मात्र आपणच सांगावयाचे असते.

पण वही कोणाच्या हाती आहे, हे येथे पाहावयास हवे. ‘पिकासा’ हे सॉफ्टवेअर आपणांपैकी अनेकांनी वापरले असेल. गूगल कंपनीने ते २००४ साली विकत घेतले व सर्वांस फुकट दिले. २००९ पासून ते चेहरेही ओळखू लागले आणि घरोघरी लोकांनी हौसेने आजी-आजोबांची, मामा-मावश्यांची नावे त्यात भरली. पुढे मार्च २०१६ मध्ये कंपनीने ते बंद केले. चित्रे ज्याच्या त्याच्या संगणकावर शाबूत राहिली. जेथे मथळे फाइलीच्या आत लिहिलेले होते, तेथे तेही राहिले. चेहऱ्यांची नावे मात्र, निराळी आज्ञा दिलेली नसल्यास, पिकासाच्या स्वतःच्या दप्तरात असत. दुसऱ्या सॉफ्टवेअरने चित्र उघडले म्हणजे ती दिसत नसत. चित्र घरचे आणि नावे परक्या वहीत, असा तो प्रकार झाला.

यावरून घ्यावयाचा बोध एकच. नाव चित्राच्या अंगावरच लिहिलेले असावे. सॉफ्टवेअर आज आहे, उद्या नसेल. फाइल मात्र नातवापर्यंत जावयाची आहे. २००१ साली आरंभ झालेले ‘डिजिकॅम’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर आपली वही ठेवते आणि तीच नावे चित्राच्या फाइलीत लिहिण्याचीही सोय देते. ती सोय चालू आहे ना, याची प्रथम खात्री करून घ्यावी व मगच नावे भरावयास बसावे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. जुने चित्र स्कॅन केले म्हणजे फाइलीस पुष्कळदा स्कॅन केल्याचाच दिनांक चिकटतो. मग आजीचे १९५८ सालचे लग्न यंदाच्या चित्रांत जाऊन बसते. तेव्हा खरे साल हाताने भरावे. फाइलीच्या नावातही आधी साल, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवावा. म्हणजे नावांच्या अनुक्रमाने लावली तरी चित्रे कालक्रमाने लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र नेहमीच्या रीतीने धाडले असता त्याच्या आतील नोंदी गळून पडतात. म्हणून नोंद केलेले चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडावे. आणि सर्व संग्रहाची एक प्रत निराळ्या डिस्कवर, शक्य तर दुसऱ्या नातलगाच्या घरी ठेवावी.

भगिनींविषयी आमची विशेष विनंती आहे. समूहचित्रांत पुरुषांची नावे बहुधा सापडतात. स्त्रियांची ‘काकू’, ‘वहिनी’ एवढ्यावरच राहतात. लग्नाने जिचे नाव बदलले तिचे माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे लिहावीत. एरवी माहेरच्यांच्या संग्रहात ती लग्नानंतर हरवते आणि सासरच्यांच्या संग्रहात लग्नापूर्वीची ती कोणास ओळखू येत नाही.

सॉफ्टवेअर चेहरा ओळखील; नाते ओळखणार नाही. चित्राच्या कडेला उभी असलेली मुलगी कोणाची कोण, हे सांगणारी माणसे आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. सॉफ्टवेअर नवे मिळेल, संगणकही नवा घेता येईल. त्यांच्या स्मरणात जे आहे ते मात्र दुसरीकडे कोठेही लिहिलेले नाही. म्हणून घरातील तरुणांनी आठवड्यातून एक संध्याकाळ राखावी, वडिलांस शेजारी बसवावे, एकेक चित्र मोठे करून दाखवावे आणि ते सांगतील तसे लिहीत जावे. दहा चित्रे झाली तरी पुष्कळ झाली.

पुढील संमेलनापर्यंत प्रत्येक घरी निदान शंभर चित्रांवर नावे चढावीत, एवढी प्रार्थना आहे.