रोगाचं नाव रोग्याला कळू द्या



क्रॉनिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा संथपणे वाढणारा कर्करोग, फार गाजावाजा न करता येतो. काही महिने थकवा जाणवतो, वजन थोडं उतरतं, डाव्या बरगडीखाली जड वाटतं आणि दोन घास खाल्ले की पोट भरतं, कारण आतमध्ये पानथरी वाढलेली असते. कित्येकांना एवढंही जाणवत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी किंवा विम्यासाठी रक्त तपासायला दिलं जातं आणि ज्या पांढऱ्या पेशी एका घन मिलिमीटरमध्ये चार ते अकरा हजार असायला हव्यात, त्या लाखाच्या वर निघतात. पॅथॉलॉजीवाले तपासणी पुन्हा करतात, मग डॉक्टरांना फोन जातो. आणि इथून पुढे आपल्या घरांत एक गोष्ट हटकून घडते. ही बातमी ज्याच्या शरीराची आहे त्याच्याकडे न जाता त्याच्या मुलाकडे, जावयाकडे किंवा धाकट्या भावाकडे जाते. इंदुरात लालबागेच्या आसपासच्या मराठी घरांत तर तिचा प्रवास आणखी लांबतो. रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टरांचं बोलणं हिंदीत, घरातली कुजबुज मराठीत, आणि रुग्णापाशी पोहोचेपर्यंत उरतं ते एवढंच की ‘काउंट वाढलाय, गोळ्या घ्यायच्या आहेत’. माझं म्हणणं असं की इतर आजारांचं काहीही असो, या आजारात ही लपवालपवी उपचारालाच घातक ठरते.

लपवणारे निष्ठुर असतात असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांच्या लपवण्यामागे एका मोठ्या काळाचा खरा अनुभव आहे. जर्मनीत रुडॉल्फ फिरशो यांनी 1845 साली या आजाराचं वर्णन केलं, त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं डॉक्टरांच्या हाती जे होतं, त्याने पेशींची संख्या तात्पुरती खाली यायची, आजार मात्र पुढे सरकतच राहायचा. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचा, ज्याला डॉक्टर सीएमएल म्हणतात त्याचा, रुग्ण साधारण तीन ते पाच वर्षं जगायचा. आजार शेवटच्या अवस्थेत गेला की काही महिन्यांत सारं संपायचं. अशा वेळी नाव सांगून काय साधणार, असं घरच्यांना वाटलं तर ते समजण्यासारखं होतं. त्यात सिनेमाची भर पडली. ‘अंखियों के झरोखों से’ 1978 साली आला. त्यातल्या नायिकेला ल्युकेमिया होतो आणि ती जाते. त्या काळी तरुण असलेली पिढी आज घरातली वडीलधारी पिढी आहे, आणि ब्लड कॅन्सर म्हणताच तिच्या डोळ्यांपुढे मरण उभं राहतं. तीव्र ल्युकेमिया आणि क्रॉनिक ल्युकेमिया यांत फरक असतो हे त्या पिढीला कुणी सांगितलंच नाही.

पण आजार बदलला, म्हणजे आजाराची वाट बदलली. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना 1960 साली सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींमध्ये एक अपुरं गुणसूत्र दिसलं. जॅनेट राउली यांनी 1973 मध्ये दाखवलं की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, त्यातून हे घडतं. या अदलाबदलीतून जे प्रथिन तयार होतं, तेच पांढऱ्या पेशींना अखंड वाढण्याचा हुकूम देत राहतं. त्या प्रथिनालाच अडवणारं इमॅटिनिब हे औषध डॉ. ब्रायन ड्रुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी उभं राहिलं आणि मे 2001 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. ज्या मोठ्या चाचणीत हे औषध पारखलं गेलं, तिच्यात ते घेणाऱ्यांपैकी 83 टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात होते. ज्या आजाराने पूर्वी तीन-पाच वर्षांत माणूस जात असे, त्याचा हा आकडा आहे. घरातल्या माणसापासून आपण नाव लपवतो ते जुन्या आजाराचं, आणि औषध देतो ते नव्या आजाराचं.

हे औषध आपल्या रुग्णापर्यंत पोहोचायला मोठा झगडा करावा लागला. मूळ कंपनीच्या गोळ्यांचा खर्च महिन्याला सव्वा लाखाच्या घरात होता, भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आठ-दहा हजारांत मिळत. कंपनीने भारतात पेटंट मागितलं तेव्हा विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था होती. प्रकरण चेन्नईच्या पेटंट कार्यालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि 1 एप्रिल 2013 रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या खंडपीठाने पेटंट नाकारणारा निकाल दिला. दोन वर्षांनी जागतिक आरोग्य संघटनेने इमॅटिनिब अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. इतका झगडा होऊन गोळी रुग्णाच्या हाती आली. आता प्रश्न उरतो तो ती रोज पोटात जाते का, हा. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात 87 रुग्णांच्या बाटल्यांच्या झाकणांत तीन महिने इलेक्ट्रॉनिक नोंद करणारं यंत्र बसवलं होतं, आणि 2010 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी नव्वद टक्क्यांहून अधिक गोळ्या घेतल्या, त्यांच्यात आजार खोलवर आटोक्यात येण्याची सहा वर्षांतली शक्यता 94 टक्क्यांहून जास्त निघाली. नव्वद टक्के किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत ती 28 टक्के होती. नव्वद टक्के म्हणजे महिन्यात तीन गोळ्या चुकणं. तीन गोळ्या कुणाच्याही चुकतात, लग्नाच्या गडबडीत चुकतात, गावी गेल्यावर पिशवीत राहतात. एवढ्याशा चुकीची एवढी किंमत असेल, तर ती मोजणाऱ्याला आधी माहीत हवी.

त्याच रुग्णालयात पुढे एकवीस रुग्णांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या गेल्या आणि गोळ्या का चुकतात हे त्यांना विचारलं गेलं. काही विसरत होते. पण काही जण जाणूनबुजून टाळत होते: गोळीने मळमळतं म्हणून, बाहेर जेवायला जायचं म्हणून, आणि मुख्य म्हणजे अधूनमधून चुकली तर काही बिघडत नाही असा त्यांचा समज होता म्हणून. लक्षात घ्या, हे रुग्ण स्वतःच्या आजाराचं नाव जाणणारे होते. ज्याला नावच ठाऊक नाही त्याचं काय होईल? या गोळीने डोळ्यांभोवती सूज येते, रात्री पायांत गोळे येतात, आपल्याकडच्या पुष्कळ रुग्णांच्या चेहऱ्याचा रंग उजळ, फिकट होतो. ती जेवणाबरोबर घ्यायची असते, रिकाम्या पोटी पोट ढवळून निघतं. आता श्रावणातले सोमवार, चतुर्थी, एकादशी, आणि हरितालिकेचा निर्जळी उपवास आठवा. ‘काउंट’साठी कसलीशी गोळी चालू आहे एवढंच जिला ठाऊक आहे, ती आजी उपवास मोडणार नाही, ती गोळीच मोडणार. त्यात तिचा त्रास केव्हाच थांबलेला असतो. पानथरी उतरलेली, भूक परतलेली. बरं वाटत असताना त्रास देणारी गोळी माणसाने वर्षानुवर्षं का घ्यावी, याचं उत्तर आजाराचं नाव न घेता देता येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: पेशंट खचेल. हा आक्षेप प्रेमापोटी येतो, म्हणून तो झटकून टाकू नये. पण खचणं टळतं का, ते पाहू. रात्री इंदूरहून अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला नेलेला माणूस सकाळी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या दारात उभा राहतो. (आपल्या लालबागेतून निघून तो मुंबईच्या लालबागेशेजारी पोहोचतो, एवढाच काय तो ओळखीचा शब्द.) रांगेतल्या माणसांकडे बघून त्याला काही कळत नसेल? त्याला कळतं, आणि घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून तोही न कळल्यासारखं वागतो. म्हणजे भीती त्याला वाटतेच, फक्त ती एकट्याने सोसावी लागते. शिवाय त्याच्या मनातला आजार सिनेमातला असतो. दहा वर्षांनंतरचा तो 83 टक्क्यांचा आकडा त्याच्यापर्यंत येत नाही, कारण तो सांगायचा तर आधी नाव सांगावं लागतं. नाव लपवणारे त्याच्यापासून दिलासाही लपवतात.

सांगणं म्हणजे रिपोर्ट हातात देऊन एक शब्द टाकून मोकळं होणं, असं मात्र नव्हे. तसं केलं तर माणूस खचेलच. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी चाळीस ते ऐंशी टक्के भाग रुग्ण ताबडतोब विसरतात, असं या विषयावरच्या अभ्यासांमध्ये दिसून आलं आहे, आणि धक्का बसलेल्या माणसाच्या कानांवर तर पहिल्या वाक्यानंतरचं काही पडतच नाही. म्हणून हे काम दोन-तीन भेटींचं आहे. पहिल्या भेटीत नाव आणि त्याच दमात ‘याला औषध आहे’ हे वाक्य. बाकीचं पुढच्या वेळी, सोबत घरचं माणूस, आणि मुख्य मुद्दे कागदावर लिहून. ज्याला खरोखरच ऐकायचं नाही, त्याने तसं सांगावं, त्याचा तो अधिकार आहे. पण त्याला ऐकायचं आहे की नाही हे त्याला न विचारता दुसऱ्यांनी ठरवू नये.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, आणि तो लेकीबाळींविषयी आहे. पाश्चात्त्य देशांत सीएमएलचा रुग्ण साधारण साठीचा असतो, भारतात तो बहुधा पस्तीस-चाळिशीच्या आसपासचा असतो. म्हणजे आपल्याकडे हा आजार लग्नाच्या, मुलंबाळं होण्याच्या, नोकरीच्या वयात येतो. मुलीला सांगितलं तर ती बोलून जाईल, बातमी फुटेल, लग्न जमणार नाही, ही आईची धास्ती काल्पनिक नाही. पण दोन गोष्टी इथे एकमेकींत मिसळल्या जातात. गल्लीला कळणं वेगळं आणि मुलीला स्वतःला कळणं वेगळं. गल्लीला सांगण्याची सक्ती कुणावरही नाही. मुलीला मात्र कळलंच पाहिजे, कारण इमॅटिनिब चालू असताना दिवस राहिले तर गर्भाला व्यंगाचा धोका असतो. मूल हवं असेल तर डॉक्टरांशी बोलून, आजार किती आटोक्यात आहे ते पाहून आधीपासून आखणी करावी लागते. अजाण मुलीने ही आखणी करायची कशी? आणि ज्याच्याशी ती संसार मांडणार आहे त्याला अंधारात ठेवून ही आखणी पार पडेल, असं मला वाटत नाही. बातमी फुटण्याची जी भीती आहे, तिचा मोठा भाग चुकीच्या समजुतींवर उभा आहे. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. तो आईबापांकडून मुलांत उतरत नाही, ती अदलाबदल जन्मानंतर मज्जेतल्या एका पेशीत होते. हिरोशिमा आणि नागासाकीच्या बॉम्बहल्ल्यांतून वाचलेल्यांत तो अधिक आढळला, म्हणजे किरणोत्साराचा संबंध आहे. पण बहुतेक रुग्णांत कोणतंही कारण सापडत नाही. कुणाच्या पथ्यात, वागण्यात, घराण्यात दोष शोधण्याला काही आधार नाही.

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, हा सीएमएलचा उतारवयातला भाऊबंद. आपल्याकडे तो पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी दिसतो. त्यात रुग्णाचा अनुभव अगदी उलटा असतो. ‘तुम्हाला कर्करोग आहे, आणि सध्या आपण काहीही करणार नाही’ हे ऐकून माणूस चक्रावतो. आपल्यावर पैसा घालायला कुणी तयार नाही, किंवा आपली आशा सोडली आहे, असं त्याला वाटू लागतं. जोधपूरला जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या डॉ. कांती राय यांनी 1975 साली या आजाराच्या पायऱ्या ठरवून दिल्या. पहिल्या पायऱ्यांवर घाईने औषध द्यावं का, याचा फ्रान्समध्ये दीड हजारांहून अधिक रुग्णांवर अभ्यास झाला. 1998 मध्ये निष्कर्ष आला की त्या काळच्या औषधाने लवकर उपचार केल्याने आयुष्य वाढत नाही. औषध न दिलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना अकरा वर्षांहून अधिक काळ उपचारांची गरजच पडली नव्हती. हे थांबणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे, तोच उपचार आहे. पण हे पटवून द्यायला पुन्हा नावापासूनच सुरुवात करावी लागते. नाही तर घरचे घाबरून दुसऱ्या, तिसऱ्या दवाखान्यात नेतात आणि नको असलेलं औषध कुठे ना कुठे मिळतंच.

राहिला डॉक्टरांच्या वेळेचा आक्षेप. आपल्या इंदूरच्या एम. वाय. रुग्णालयात माळवा आणि निमाडभरातून माणसं येतात, ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात. हे खरं आहे, आणि त्याचा दोष एकट्या डॉक्टरांना देता येणार नाही. पण सगळं डॉक्टरांनीच सांगायला हवं असंही नाही. प्रशिक्षित नर्स सांगू शकते, समुपदेशक सांगू शकतात, आणि सगळ्यांत चांगलं सांगतो तो वर्षानुवर्षं हीच गोळी घेऊन समोर उभा असलेला माणूस. मॅक्स फाउंडेशनने मूळ औषध हजारो भारतीय रुग्णांना मोफत पोहोचवण्याच्या कामाबरोबरच ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’ हा रुग्णांचा गट बांधला, तो याच जाणिवेतून. लंडनच्या मुलाखतींतला तो गैरसमज, की एखादी गोळी चुकली तर चालतं, असा रुग्ण दोन वाक्यांत दूर करू शकतो. त्याला जोड म्हणून हिंदीत आणि मराठीत एक साधा कागद हवा: आजाराचं नाव, गोळीचं नाव, ती कशाबरोबर घ्यायची, उपवासाच्या दिवशी काय करायचं, कोणता त्रास अंगावर काढायचा नाही, पुढची तपासणी कधी.

त्या कागदावर शेवटी एक प्रश्न असावा, कारण प्रत्येक रुग्ण तो विचारतो: ही गोळी किती दिवस? आता याचंही उत्तर पूर्वीपेक्षा बरं आहे. फ्रान्समध्ये ज्या शंभर रुग्णांच्या रक्तात आजाराचा मागमूस किमान दोन वर्षं सापडला नव्हता, त्यांची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवली गेली. वर्षभरानंतर त्यांतले सुमारे चाळीस टक्के गोळीशिवाय ठीक होते. ज्यांचा आजार परतला, त्यांच्यावर तीच गोळी पुन्हा लागू पडली. पण थांबवल्यानंतर सुरुवातीला महिन्या-महिन्याला सूक्ष्म तपासणी करावी लागते, आणि ती चुकवून चालत नाही. या वाटेवर पाऊल टाकता येतं ते फक्त अशाच रुग्णाला, ज्याने आधीची कित्येक वर्षं जवळजवळ एकही गोळी चुकवलेली नाही आणि आपण ती कशासाठी घेत होतो हे ज्याला नीट ठाऊक आहे.